नवतपा सोसला, झडीनं मेलं: संत्र्याच्या पट्ट्यातल्या रेड हॉट पोकरचं एक प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. उत्तरेला सातपुड्याची रेघ, गावाभोवती संत्र्याच्या बागा, आणि ज्या घराचं हे प्रकरण आहे ते घर वावरातच बांधलेलं. घरापासून फाटकापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या एका बाजूला घरच्या सूनबाईंना, म्हणजे ताईंना, बारमाही फुलझाडांचा लांबच लांब वाफा करायचा होता. मागच्या रांगेत कर्दळ, पुढच्या काठाला गेलार्डिया आणि सदाफुली, आणि मध्ये, सगळ्यांची नजर जावी अशा जागी, रेड हॉट पोकर. या फुलाचा लांब दांडा असतो. त्यावर नळीसारखी शेकडो फुलं खाली तोंड करून लोंबतात आणि ती खालून वर उमलत जातात. शेंड्याच्या कळ्या लालभडक आणि खालची उमललेली फुलं पिवळी, असे दोन्ही रंग एकाच दांड्यावर एकाच वेळी दिसतात. ताईंनी हे फूल एका थंड हवेच्या ठिकाणी पाहिलं होतं. रोपंही डोंगराकडच्याच एका रोपवाटिकेतून आली, एकूण १८.

जागा उन्हाची होती आणि हे झाड उन्हाचंच आहे. तेव्हा निवड चुकीची म्हणता येणार नाही. लागवड नोव्हेंबरात झाली, तीही बरोबर. हिवाळ्यात रोपं धरली, पानांचे झुपके झाले, फेब्रुवारीत दोन दांडेही आले. एप्रिलपासून पानांचे शेंडे करपू लागले. नवतप्यात, म्हणजे मे संपतानाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, निम्मी पानं वाळली, पण झाडं जगली. मृगाचा पाऊस पडल्यावर पुन्हा हिरवी झाली. मग जुलैत झड, म्हणजे दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस, लागली, आणि पोळ्यापर्यंत १८ पैकी ११ झाडं गेली.

ताईंचा प्रश्न सरळ होता: "भाऊ, नवतपा काढला या झाडायनं, मंग पावसात काहून मेले?"

घरात तोवर तीन उत्तरं तयार होती. पहिलं म्हणजे झाड थंड हवेचं, विदर्भात टिकणारच नव्हतं. दुसरं, रोपवाटिकेनं रोगट रोपं दिली. तिसरं कृषी सेवा केंद्रातून आलं होतं: बुरशी आहे, फवारा मारा. फवारे मारून झाले होते आणि झाडं तरीही बसत गेली होती. पहिल्या उत्तरात थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो. पण थंड हवेचं झाड मे महिन्यात मरायला हवं होतं. ४५ अंशांवर पारा गेला तेव्हा जे टिकलं ते ऑगस्टच्या ढगाळ, मऊ हवेत का मेलं, याचं उत्तर 'हवामान मानवलं नाही' एवढ्यात मिळत नाही.

वाफ्यावर काय दिसलं

सगळ्यात आधी पाहायचं ते मेलेलं झाड कुठे आहे, हे. वाफा सरळ रेषेत असल्यामुळे ते सोपं गेलं. घराकडच्या टोकाला एकही झाड नव्हतं. मधल्या भागात काही अर्धमेली होती. फाटकाकडच्या टोकाला चार झाडं ठणठणीत उभी होती. ऊन दोन्ही टोकांना सारखं, रोपं एकाच गठ्ठ्यातली, पाणी एकाच नळीचं. रोपंच रोगट असती तर मर कुठेही विखुरलेली दिसली असती. ती एका टोकाकडून दुसरीकडे अशी पायरीपायरीनं कमी होत गेली नसती.

दोन टोकांमध्ये फरक होता तो मातीचा. घराकडे चांगली काळी, भारी जमीन. फाटकाकडे घर बांधताना ट्रॅक्टरनं टाकलेला मुरूम पसरवून सपाट केलेला, त्यामुळे तिथे बरड, दगडगोट्यांची माती. ताईंना त्या टोकाचीच काळजी होती. तिथे काही येणार नाही असं घरातले म्हणत होते, म्हणून तिथे खड्डेही नीट खणले गेले नव्हते. सब्बलीनं भोकं पाडून रोपं बसवली होती. घराकडे मात्र फूटभर खोल, ऐसपैस खड्डे घेऊन त्यात शेणखत, रेती आणि गाळाची माती भरलेली. जिथे मेहनत जास्त झाली तिथलीच झाडं मेली, आणि ताईंना सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं ते याचंच.

मग एक अर्धमेलं झाड घेतलं. वरून पाहता बाहेरची पानं हिरवीच होती, मधला पोगा पिवळा पडलेला. पोग्याचं पान दोन बोटांत धरून हलकेच ओढलं तर ते बुडापासून सुटून हातात आलं. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि नासल्याचा वास. हीच खूण आहे, आणि ती प्रत्येकानं आपल्या वाफ्यावर करून पाहण्यासारखी आहे. उन्हानं सुकणारं झाड शेंड्याकडून वाळतं, पान कोरडं कडकडीत होतं, पण बुडाशी घट्ट असतं, ओढलं तर तुटतं, सुटत नाही. पाण्यानं सडणारं झाड मधून पिवळं पडतं आणि पान ओढताच सुटतं. दोन्ही लांबून सारखीच 'वाळल्यासारखी' दिसतात आणि दोन्हीला माणूस आणखी पाणी घालतो. पहिल्याला ते उपयोगी पडतं. दुसरं त्यानंच मरतं.

झाड उपटून बादलीत धुतलं. या झाडाला कांदा नसतो. जमिनीलगत जाड गड्डा असतो, त्यातून पानांचे झुपके वर आणि दोरीसारखी मुळं खाली निघतात. खालची मुळं काळी पडून त्यांची साल सुटत होती. वरच्या दोन बोटं मातीतली काही मुळं अजून पांढरी होती. गड्डा चाकूनं उभा चिरला तर एक बाजू पांढरट आणि कडक, दुसरी तपकिरी. म्हणजे कूज खालून आणि मधून वर चढत होती. वरून मारलेला फवारा तिथे पोहोचणार कसा?

दोन खड्डे

खात्री करायला एक साधी चाचणी केली. वाफ्याच्या दोन्ही टोकांना झाडांपासून दूर फूटभर खोल खड्डा घेतला, दोन्ही पाण्यानं काठोकाठ भरले, ते पाणी जिरू दिलं आणि पुन्हा भरले. फाटकाकडचा खड्डा चहा होईपर्यंत रिकामा झाला. घराकडच्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी होतं.

ताईंचे सासरे तिथेच बसले होते. उभी हयात संत्र्यात गेलेली. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं आपल्या संत्र्यावानीच झालं. बुड पाण्यात राह्यलं का सडतेच." डिंक्या ज्यानं पाहिला आहे त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. संत्र्याला भारी जमिनीत खोडाशी पाणी साचलं की फायटोफ्थोरा ही बुरशी लागते, खोडातून डिंक येतो, झाड हळूहळू बसतं. म्हणूनच संत्र्याला दुहेरी आळं करायला सांगतात, पाणी बाहेरच्या आळ्यात आणि खोड कोरडं. इथे बुरशी तीच होती असं म्हणण्याचं कारण नाही, पण रोगाचं दार तेच होतं.

काळ्या मातीत नेमकं काय होतं ते समजून घ्यायला हवं, कारण उपाय त्यातूनच निघतो. या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या पावसाळ्यात पूर्ण मिटतात, मातीतली हवेची भोकंही मिटतात, आणि पाणी खाली जायचं थांबतं. अशा जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की झाडासाठी आपण एक हौद तयार करतो. चारी बाजूंना आणि तळाला न जिरणारी माती, मध्ये पाणी पटकन ओढून घेणारी मऊ माती. आजूबाजूच्या जमिनीवरून वाहणारं पाणी त्या मऊ जागेत उतरतं आणि तिथेच राहतं. खड्डा जितका मोठा आणि मिश्रण जितकं सुरेख, तितकं जास्त पाणी. घराकडच्या झाडांचं हेच झालं. फाटकाकडे हौद नव्हता, सगळीकडे सारखाच मुरूम होता, पाणी खाली निघून गेलं.

यात ठिबकची भर होती. मागच्या कर्दळीला पाणी भरपूर लागतं, आणि तीच नळी पोकरच्या रांगेतून वळवली होती. ड्रीपर थेट गड्ड्यावर ठिबकत होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावरही, मध्ये उघाड पडली की ठिबक चालूच व्हायचं.

हे झाड मूळचं कुठलं, आणि त्यानं काय फरक पडतो

रेड हॉट पोकरचं शास्त्रीय नाव निफोफिया. जर्मनीतल्या एरफुर्टचे डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक क्निफोफ यांच्यावरून ते पडलं. जुन्या यादीत ट्रायटोमा असं नाव दिसलं तर तेही हेच झाड, दोनदा विकत घेऊ नका. टॉर्च लिली म्हणूनही ते विकतात, पण ते लिलीच्या कुळातलं नाही. कोरफडीच्या कुळातलं आहे, आणि कोरफडीचा फुलांचा दांडा पाहिला असेल त्याला नातं लगेच पटेल. मात्र या नात्यावरून कोरफडीसारखंच कोरडं ठेवलं तर फसगत होते. पोकरची पानं मांसल नाहीत, त्यात पाण्याचा साठा नाही.

जवळपास सत्तर जाती आफ्रिकेत आहेत, त्यातल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. बागांमध्ये सर्वांत परिचित असलेली उवेरिया ही केप भागातली. तिथे ही झाडं अनेकदा ओढ्याकाठी, पाझराच्या जागी, ओलसर गवताळ उतारावर वाढतात. हे वाचून माणसाला वाटतं की झाड पाण्याचं आहे. पण तिथलं पाणी उतारावरून सरकणारं असतं, त्यात हवा असते, आणि जमीन थंड असते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये माती उबदार असते. उबदार मातीत मुळांना श्वासाला जास्त प्राणवायू लागतो आणि साचलेल्या उबदार पाण्यात तो कमीच असतो. कुजवणाऱ्या बुरशीला मात्र हीच हवा मानवते. युरोपातले माळी या झाडाला हिवाळ्यातल्या ओल्या मातीपासून जपतात. पुस्तकांत 'हिवाळी ओलावा टाळा' असं लिहिलेलं असतं ते त्यामुळे. विदर्भात ते वाक्य 'झडीचा ओलावा टाळा' असं वाचायचं.

वाफा नव्यानं

ऑगस्टच्या चिखलात काही करण्यात अर्थ नव्हता. आधी फक्त दोन गोष्टी केल्या. पोकरच्या रांगेचं ठिबक बंद केलं, आणि वाफ्याच्या उताराच्या बाजूनं एक नाली काढून पाणी धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, सोडलं. कुजलेली झाडं मातीसकट काढून वाफ्याबाहेर टाकली.

अर्धमेली तीन झाडं उचलली. कुजका भाग पांढरा, कडक भाग लागेपर्यंत कापला, दर कापाला चाकू पुसून. पानं वीतभर ठेवून छाटली. कापलेले तुकडे सावलीत, वाऱ्याला, जखम कोरडी होईपर्यंत ठेवले, मग कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या पाण्यात, लिटरला ३ ग्रॅम, बुडवून रेती आणि मुरमाच्या कुंड्यांत लावले. खत मुद्दाम घातलं नाही. पाच तुकडे निघाले. फाटकाकडची चार झाडं जागची हलवली नाहीत. हे झाड हलवलेलं मनावर घेतं, फुलं वर्षभर रुसतात, आणि जे नीट चाललं आहे त्याला हात लावण्याचं कारण नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी नवा वाफा केला, जमिनीच्या वर. खणायचं नाही हा एकच नियम. काळी माती फक्त वरून खरवडली, म्हणजे दोन थरांमध्ये गुळगुळीत सांधा राहू नये. वावरातल्या दगडांची दीड फूट उंच कड रचली, सांधे सिमेंटनं न भरता, म्हणजे बाजूनंही पाणी पाझरेल. आत दोन भाग मुरमाड माती, एक भाग रेती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. काळ्या मातीत नुसती रेती मिसळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. थोड्या रेतीनं काहीच होत नाही, चिकणमाती रेतीच्या कणांभोवती बसते आणि सुकल्यावर आणखी टणक होते. रेती द्यायची तर मुरमाबरोबर आणि वाफा उंच करूनच.

कर्दळ वेगळ्या नळीवर घेतली, तिला स्वतंत्र कॉक बसवला. पोकरचे ड्रीपर गड्ड्यापासून वीतभर दूर सरकवले. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि मान डोलावली, दुहेरी आळ्याचंच काम ते.

नोव्हेंबरात कुंड्यांतले पाच तुकडे आणि सहा नवी रोपं लावली, दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवून. गड्डा मातीच्या पातळीला जेमतेम झाकेल एवढाच, खोल नाही. गड्ड्याभोवती मातीऐवजी बारीक गिट्टी.

आच्छादनाबद्दल ताईंशी माझं बरंच बोलणं झालं, कारण कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घरात भरपूर आणि ते पसरायची सगळ्यांनाच सवय. मार्च ते मे कुटार हवंच, मुळं गार राहतात, पाणी कमी लागतं, आणि या भागात विहिरी नि बोअर किती खोल गेले आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गड्ड्यापासून चार बोटं मोकळी सोडून. मृगाच्या आधी ते सगळं ओढून घ्यायचं. पावसात ओलं कुटार बुडाशी राहिलं तर उंच वाफ्याचा अर्धा फायदा जातो.

ऊन: पहिल्या उत्तराकडे परत

रोपावरच्या चिठ्ठीत 'पूर्ण ऊन' लिहिलेलं असतं. ते ऊन इंग्लंडच्या जूनचं आहे. आपलं नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं ऊन या झाडाला अगदी योग्य, आणि तेव्हा दिवसभर मिळालंच पाहिजे, सावलीत फूल येत नाही. एप्रिल-मेचं दुपारनंतरचं ऊन मात्र त्याच्या सोसण्यापलीकडे जातं, आणि रात्री गार होत नाहीत हा त्याहून मोठा त्रास. म्हणून वाफ्याच्या पश्चिमेला मार्च संपता संपता तुराट्यांचा तट्ट्या उभा केला, छातीइतका उंच. दुपारी दोननंतर त्याची सावली रांगेवर पडते. पावसाळ्यात तो काढून घेतला, हवा खेळती राहावी म्हणून. मे महिन्यात वाळलेली पानं कापायची नाहीत, तीच गड्ड्यावर सावली धरतात. मृगाआधी कापायची, कारण नंतर तीच पानं ओल धरून ठेवतात. युरोपात हिवाळ्याआधी पानं वर बांधून गड्डा झाकतात, ती पद्धत इथे पावसाळ्यात अजिबात करू नये.

कोरड्या दिवसांत फुलकिडे आले, शेजारी मिरची आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असल्यावर ते येणारच. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले. निंबोळी अर्कावर भागलं.

पुढचा पावसाळा

त्या वर्षीही झड लागली. वाफ्याबाहेरच्या काळ्या मातीत घोट्यापर्यंत पाय रुतत होता, तेव्हा वाफ्यात बोट घातलं तर माती ओलसर होती, चिकट नव्हती. पोळ्याला पंधरापैकी तेरा झाडं उभी होती. गेलेली दोन्ही एकाच कोपऱ्यातली. तिथे गोठ्याच्या टिनाच्या पागोळ्या नेमक्या वाफ्यावर पडत होत्या, आणि हे कोरड्या दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पन्हाळ लावून ते पाणी वळवलं.

फुलं डिसेंबरच्या अखेरीस सुरू झाली, खरा बहर फेब्रुवारीत. थंड प्रदेशात या झाडाचे दांडे तीन-चार फूट जातात, इथे गुडघ्याच्या थोडे वर. रंगात काही कमी नाही. फाटकाकडच्या जुन्या चार झाडांना सर्वांत जास्त दांडे आले, नव्यांना एखाददुसरा, कुंडीतून आलेल्या पाच तुकड्यांपैकी दोघांनाच. फूल उमलायला लागल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिंजीर आला. दांड्यावरच पाय रोवून, मान खाली वाकवून तो एकेका नळीत चोच घालत होता, उमललेल्या पिवळ्या फुलांतच, लाल कळ्यांना सोडून. आफ्रिकेतही या फुलांवर शिंजिराचेच भाऊबंद येतात. ताईंच्या मुलीनं त्या दिवसापासून खिडकीशी अभ्यासाची जागा धरली आहे.

आता चौथ्या वर्षापर्यंत ही झुडपं हलवायची नाहीत. मधून दाट झाली आणि फूल कमी झालं तरच, पावसाळा सरल्यावर, गड्डे वेगळे करायचे. बियाणं कोणी आणलंच तर ते नोव्हेंबरच्या गारव्यात पेरावं. फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतं, आणि बियांपासूनची झाडं सारखी निघतील याची हमी नाही.

ज्यांच्याकडे मुरूम नाही, दगड नाही, उंच वाफा करायला हात नाहीत, त्यांना मी हे झाड मोठ्या, तळाला चांगली भोकं असलेल्या कुंडीतच लावायला सांगतो, झडीत कुंडी पडवीत ओढता येते. आणि शिंजीर दारात यावा एवढंच हवं असेल तर धुऱ्यावर धायटी लावावी. ती इथलीच आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी भरते, आणि भेगाळलेल्या जमिनीचं नि झडीचं तिला काही वाटत नाही. ताईंनी दोन्ही केलंय. फाटकाच्या पलीकडे, जिथे वाफा संपतो, तिथे या जूनमध्ये धायटीची तीन रोपं लागली.